गोल्फचे शूज घेताना काय बघायचं: पुण्याची माती, दव, पाऊस आणि आपला पाय

आमच्या ग्रुपमध्ये नव्याने खेळायला लागलेल्या दोघी-तिघींनी गेल्या महिन्याभरात एकच प्रश्न विचारला, शूज कुठले घेऊ, आणि प्रत्येकीशी फोनवर अर्धा-अर्धा तास बोलून झाल्यावर म्हटलं एकदा नीट बसून लिहूनच काढू. मी कोथरूडला राहते, खेळते जास्त करून येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर आणि अधूनमधून लवळ्याच्या बाजूला डोंगरावर ऑक्सफर्डच्या गोल्फ कोर्सवर. येरवड्याला मी बगी, म्हणजे कोर्सवर फिरायची छोटी गाडी, घेत नाही, पूर्ण राउंड चालत खेळते, त्यामुळे खाली जे लिहितेय ते चालणाऱ्यांच्या बाजूने आहे, बगीत बसून खेळणार असाल तर यातलं निम्मं सोडून दिलंत तरी चालेल.

आधी एक हिशोब डोक्यात ठेवा. 18 होल, म्हणजे एक पूर्ण राउंड, चालत खेळलं की आठ-दहा किलोमीटर सहज होतात आणि चार-साडेचार तास पाय बुटात असतो. त्यात गवत, उतार, बंकरमधली वाळू, मधेच पेव्हर ब्लॉकचा रस्ता, सगळं येतं, आणि वर नव्वद-शंभर वेळा पाय रोवून अंग फिरवायचं. एवढं सगळं एका जोडाने करायचंय. म्हणून "दिसायला छान आहेत" हा मुद्दा माझ्या लेखी सगळ्यात शेवटी येतो, आणि खरं सांगायचं तर किंमतसुद्धा मधेच कुठेतरी येते, पहिला मुद्दा पाय.

बरेच जण विचारतात की रनिंग शूज आहेतच घरी, ते का नकोत. ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे जिथे नुसते बॉल मारायचा सराव करतात तिथे, पहिले दोन-तीन महिने बिनधास्त वापरा, काही बिघडत नाही (क्लबचा ड्रेस कोड मात्र आधी विचारून घ्या, काही ठिकाणी चालत नाहीत). पण रनिंगचा बूट सरळ पुढे पळण्यासाठी बनवलेला असतो, टाचेखाली जाड मऊ फोम असतो, आणि गोल्फमध्ये जोर येतो आडवा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं सगळं वजन स्विंग संपताना डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर जातं आणि उजवा पाय चवड्यावर उभा राहून गर्रकन फिरतो. मऊ फोमवर पाय त्या क्षणी बाहेरच्या बाजूला कलंडतो, बॉल कुठेही जातो ते सोडा, घोटा आणि गुडघा दोन्ही बोलायला लागतात. माझा जुना जोड आत्ता समोर ठेवलाय, उजव्या बुटाचं नाक घासून पांढरं पडलंय आणि डाव्या बुटाची करंगळीजवळची बाजू फुगलीय, बाकी बूट चांगला आहे. म्हणजे झिजायच्या जागा ठरलेल्या असतात. दुकानात नवीन बूट हातात घेतला की पहिल्यांदा ह्याच दोन जागा बघायच्या, पुढे नाकाशी रबर किंवा जाड पट्टी वर चढवलीय का, आणि बाजूला नुसतं कापड आहे की आतून आधार दिलाय.

आता स्पाइक्सचं. नव्वदच्या दशकापर्यंत गोल्फच्या बुटाला चक्क लोखंडी खिळे असायचे, ग्रीनची (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताची) वाट लागायची, मग प्लास्टिकचे सॉफ्ट स्पाइक्स आले आणि आता बहुतेक क्लबात लोखंडी खिळे चालतच नाहीत. माळ्यावर आजोबांचा किंवा काकांचा जुना जोड सापडला तर तो तसाच घालून जाऊ नका, आधी खालून बघा. तिसरा प्रकार स्पाइकलेस, म्हणजे सोललाच छोट्या छोट्या रबरी गाठी. 2010 च्या मास्टर्सला, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत, तिथला नावाजलेला गोल्फर फ्रेड कपल्स इको कंपनीचे असे बिनखिळ्यांचे बूट घालून खेळला आणि लोकांचं लक्ष गेलं, त्यानंतर हळूहळू सगळ्याच कंपन्यांनी ते काढले. आज दुकानात गेलात तर निम्मा माल तसाच असतो.

दोन्हीतलं कुठलं, ह्याचं उत्तर पुण्यात महिन्यावर आहे. मार्च ते मे जमीन टणक असते, वरचं गवत पाणी घालून हिरवं ठेवलेलं पण खाली मुरूम आणि वाळलेली काळी माती, तिथे सॉफ्ट स्पाइक रुततच नाही, उलट प्रत्येक खिळ्याची गाठ तळव्याला जाणवते आणि चौदाव्या-पंधराव्या होलला चवडा जळजळायला लागतो. ह्या दिवसांत स्पाइकलेस फारच सुखाचे. जून ते सप्टेंबर उलटं. काळी माती ओली झाली की ती काय चीज आहे हे पुणेकरांना सांगायला नको, स्पाइकलेसच्या गाठींमध्ये ती गच्च भरते आणि दोन होलनंतर तुमच्या बुटाचा तळ गुळगुळीत पाटासारखा होतो, उतारावर तर सरळ घसरगुंडी. सॉफ्ट स्पाइक्समध्येही माती अडकते पण टीने (बॉल ठेवायच्या छोट्या खुंटीने) खरवडून काढता येते आणि पकड खूपच जास्त असते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मधला काळ, सकाळी दव, दहानंतर कोरडं, दोन्ही चालतात.

म्हणून माझा सल्ला असा की पहिला जोड स्पाइकलेस घ्या, चांगल्यातला घ्या, वर्षातले आठ महिने तोच लागणार. पावसात खरंच खेळता असं एक सीझन जाऊन कळलं की मग दुसरा, स्वस्तातला, सॉफ्ट स्पाइकवाला. बरेच जण उलटं करतात, आधी भारीतला स्पाइक्सचा जोड घेतात कारण तो "खरा गोल्फ शू" वाटतो, आणि एप्रिलमध्ये पाय धरून बसतात. ज्यांना मुख्यतः डोंगरावरच्या कोर्सवर खेळायचंय, जिथे पहिला फटका मारायची जागा एकीकडे आणि ग्रीन पार खाली किंवा वर, त्यांनी मात्र स्पाइक्सचा विचार आधीच करावा, उतारावर उभं राहून मारताना डावा पाय निसटला तर कंबरेत उसण भरते, मी एकदा आठ दिवस घरी बसलेय.

स्पाइक्सवाला घेणार असाल तर एक गोष्ट विक्रेत्याला विचाराच, ह्यात स्पाइक बसवायची कुठली सिस्टीम आहे. फास्ट ट्विस्ट, पिन्स, स्लिम-लोक, क्यू-लोक असे वेगवेगळे प्रकार असतात आणि एकाचा स्पाइक दुसऱ्यात बसेलच असं नाही. स्पाइक्स झिजतात, बदलावे लागतात, आणि इथे दुकानात सगळे प्रकार मिळत नाहीत, ऑनलाइन शोधत बसावं लागतं. बुटाबरोबरच एक जादा सेट आणि तो फिरवायचा पाना घेऊन ठेवला की दोन वर्षं बघायला नको.

वॉटरप्रूफबद्दल खूप गैरसमज आहे. बुटाच्या आत एक पातळ पडदा असतो, तो बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही पण घामाची वाफ थोडी थोडी बाहेर सोडतो. हे दवासाठी अप्रतिम. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर खेळायला सुरुवात केली की गवतावर इतकं दव असतं की साधा जाळीचा बूट दुसऱ्या होलपर्यंत मोज्यासकट ओला, आणि मग उरलेले सोळा होल गारठलेल्या ओल्या पायांनी, फोड तिथेच येतात. भुरभुर पावसातही वॉटरप्रूफ छान काम करतो. पण जुलैतली धो धो सर आली की पाणी सोलमधून येतच नाही, ते पँटवरून ओघळत मोज्यात आणि मोज्यातून बुटात वरून उतरतं, आणि एकदा आत गेलं की तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही, बूट म्हणजे बादली होते. त्यामुळे पावसाळ्यासाठी म्हणून फार महागाचा वॉटरप्रूफ घेण्यात अर्थ नाही असं मला वाटतं. बॅगेत मोज्यांचे दोन जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, नवव्या होलला बदला, त्याने जास्त फरक पडतो. आणि एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या आसपास पारा असताना वॉटरप्रूफ बूट गरम होतो हेही खरं, तेव्हा जाळीचा हलका बूट असेल तर पाय दुवा देतील. एकच जोड घ्यायचा असेल तर तुम्ही सकाळी लवकर खेळता का हे स्वतःला विचारा, उत्तर हो असेल तर वॉटरप्रूफ, दुपारी-संध्याकाळी नऊ होल खेळत असाल तर जाळीचा.

आता मापाचं, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण नव्वद टक्के तक्रारी इथूनच येतात असा माझा अनुभव आहे.

दुकानात संध्याकाळी जा. दिवसभर उभं राहून-चालून पाय थोडा फुगलेला असतो आणि राउंडच्या शेवटी तो तसाच फुगतो, सकाळी माप घेतलं तर बूट पंधराव्या होलला चावणार हे ठरलेलं. खेळताना जे मोजे घालता तेच घालून जा, दुकानातला तो पातळ नायलॉनचा मोजा घालून बघू नका. घरून निघायच्या आधी कागदावर भिंतीला टाच लावून दोन्ही पायांची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजा. एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा निघेल, बहुतेकांचा निघतो, मोठ्या पायाचं माप धरायचं. माझा डावा पाव इंच मोठा आहे हे मला पंचेचाळीसाव्या वर्षी कळलं, तोवर प्रत्येक नवीन बूट डाव्या पायालाच का चावतो म्हणून मी बुटाला दोष देत होते.

नंबरच्या भानगडीत जास्त शिरू नका. आपल्याकडे यूके नंबर चालतो, बॉक्सवर यूएस आणि युरोपियनही असतो, आणि गंमत म्हणजे यूके आणि यूएसमधला फरक प्रत्येक ब्रँडचा वेगळा, पुरुषांच्या बुटात कुठे एक नंबरचा तर आदिदाससारख्या ठिकाणी अर्ध्याचा. म्हणून जिभेच्या आतल्या लेबलवर सेंटीमीटर किंवा जेपी (जपानी माप, तेही सेंटीमीटरमध्येच) असं लिहिलेलं असतं ते बघा आणि आपल्या कागदावरच्या मापाशी लावा. ऑनलाइन मागवताना तर हाच एक आधार.

लांबीपेक्षा रुंदीने जास्त घोळ होतो. आपण लहानपणापासून चपला-सँडलमध्ये, घरात अनवाणी वाढलेलो, बहुतेकांचा पाय पुढे पसरट असतो, आणि बाहेरच्या कंपन्यांचा नेहमीचा साचा त्यामानाने अरुंद. मग लोक काय करतात, एक नंबर मोठा घेतात, म्हणजे पुढे रुंदी मिळते पण टाच मागे सैल पडते, चालताना टाच वर-खाली होते आणि तिथे फोड. ह्यापेक्षा त्याच नंबरमध्ये वाइड मागा, पुरुषांच्या बुटात 2ई असं लिहिलेलं असतं, फुटजॉय, न्यू बॅलन्स, स्केचर्स यांच्यात रुंद पर्याय असतात, दुकानात नसला तर मागवून देतात. ओळखायची सोपी खूण सांगते. बुटातला आतला सुखतळा बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर मोजा घालून सरळ उभ्या राहा. करंगळी किंवा अंगठ्याजवळचं हाड सुखतळ्याच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही, मग तो कितीही आवडलेला असो. पुढे अंगठ्यानंतर बोटभर, म्हणजे साधारण एक सेंटीमीटर जागा दिसली पाहिजे.

मग दोन्ही बूट घालून, नाड्या नीट शेवटपर्यंत बांधून, दहा मिनिटं दुकानात फिरा. दहा मिनिटं म्हणजे खरंच दहा मिनिटं, घड्याळ लावून. पायरी असेल तर पायरीवर चवडा खाली आणि टाच वर अशा उभ्या राहा, रॅम्प असेल तर तो उतरा, बोटं पुढे आपटतात का बघा. सपाट फरशीवर कधीच कळत नाही पण डोंगरातल्या कोर्सवर दोन उतार उतरले की अंगठ्याची नखं काळीनिळी होतात ती ह्यामुळेच. मग स्विंग संपल्याच्या पोझमध्ये थांबा, सगळं वजन डाव्यावर, उजवा चवड्यावर, आणि दहा आकडे मोजा. डाव्या पायाची बाहेरची कड बुटाच्या कडेवरून खाली घसरतेय असं वाटलं तर आधार कमी आहे. लोक बघतात, बघू द्या, पैसे आपले जाणार आहेत.

"वापरलं की सैल होईल मॅडम" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. अस्सल चामड्याचा बूट थोडा ताणतो हे खरं, पण हल्ली बहुतेक बूट मायक्रोफायबरचे आणि आत वॉटरप्रूफ पडदा असलेले, ते ताणत नाहीत. दुकानात जिथे टोचतंय तिथे ते सहा महिन्यांनीही टोचणारच.

बायकांसाठी वेगळं सांगायला हवं कारण आपल्याकडे लेडीज गोल्फ शूज दुकानात फारच थोडे ठेवतात, त्यात पाच आणि सहा नंबर लगेच संपतात, उरतात ते गुलाबी पट्टीवाले चार नंबर. यूकेचा नंबर बायका आणि पुरुष दोघांचा एकाच मापाने चालतो, त्यामुळे तुमचा सहा असेल तर पुरुषांचा सहा घालून बघायला हरकत नाही, तो थोडा रुंदही असतो. माझा सध्याचा जोड पुरुषांचाच आहे आणि आजवरचा सगळ्यात आरामाचा आहे. फक्त टाच सैल नाही ना ते बघा, थोडी सैल वाटली तर नाडीच्या सगळ्यात वरच्या जादा भोकातून त्याच बाजूला छोटा फास करून नाडी त्यातून आडवी ओवायची, टाच जागेवर बसते. ते वरचं भोक त्यासाठीच असतं, बरेच जण ते रिकामंच ठेवतात.

नाडीऐवजी ती फिरवायची चकती असलेले बूट हल्ली खूप दिसतात, बोआ म्हणतात त्याला. कंबर किंवा गुडघे दुखणाऱ्यांना, खाली वाकणं नको असलेल्यांना फार सोयीची. पण वायर तुटली तर आपला कोपऱ्यावरचा मोची काही करू शकत नाही, कंपनीकडून सुटा भाग मागवून बसवावा लागतो. नाडी तुटली तर वीस-तीस रुपयांत काम होतं.

टिकाऊपणाकडे वळते, आणि इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे कारण ती मला कोणी सांगितली नव्हती.

चार-पाच वर्षांपूर्वी एका दुकानात सेलमध्ये मला एक नामांकित कंपनीचा चामड्याचा जोड निम्म्या किमतीत मिळाला, बॉक्सबंद, कोरा करकरीत, चामडं तर लोण्यासारखं. मी खुश. तिसराच राउंड, ऑक्टोबर, अकराव्या होलला फेअरवेवरून, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावरून, चालताना पाय जरा खाली खाली वाटायला लागला. बॅग घेऊन बरोबर चालणारा कॅडी मागून म्हणाला, "ताई, मागे बघा." वळून बघते तर माझ्यामागे गवतावर खाकरा चुरडल्यासारखा तपकिरी भुगा सांडत आलेला, एक रेघच. टाचेखालचा थर अक्षरशः भुसभुशीत होऊन गळून पडत होता आणि खालचं रबर पट्टीसारखं लोंबत होतं. कॅडीने ते ओढून काढलं, उरलेलं अंतर मी सपाट चामड्यावर चालत आले. दुकानदार म्हणाला वापरताना खराब झालं, सेलच्या मालाला गॅरंटी नाही.

नंतर वाचून आणि विचारून कळलं की हे पॉलीयुरेथेनचं आहे, ज्याला पीयू म्हणतात. बुटाचा मधला थर त्याचा असेल तर हवेतल्या ओलाव्याने तो आतून हळूहळू तुटत जातो, उष्णतेने अजून लवकर, आणि बूट न वापरता बॉक्समध्ये पडून राहिला तरी ते थांबत नाही, उलट वापरातला बूट जास्त टिकतो. आपले पावसाळे आणि बंद गोडाऊन, म्हणजे व्हायचं तेच होतं. ईव्हीए नावाचा दुसरा फोम असतो तो असा भुसभुशीत होत नाही, तो दबून कडक होतो पण गळून पडत नाही. म्हणून सेलमधला जोड घेताना बॉक्सवर एमआरपीच्या स्टिकरवर छापलेला महिना आणि वर्ष वाचा, आयात माल असेल तरी ते असतं. दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर मी तरी पीयू सोलचा घेत नाही, किती का स्वस्त असेना. आणि सोलच्या कडेला अंगठ्याचं नख जोरात दाबून बघा, चिकट लागलं, बारीक भेगा दिसल्या किंवा पावडर निघाली तर तसाच ठेवून या. घरात पडून असलेल्या जुन्या जोडालाही हीच परीक्षा, ट्रिपला नेण्याआधी.

बाकी बूट हातात घेऊन दोन गोष्टी करा. पुढून-मागून धरून वाकवा, तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर कमजोर. आणि ओला फडका पिळतो तसा पिळून बघा, थोडा विरोध केला पाहिजे. टाचेचा मागचा भाग दोन बोटांनी दाबा, लगेच आत गेला तर टाचेला आधार नाही. वरचं मटेरियल चामडं असेल तर टिकतं पण निगा मागतं, पावसात फुगतं. मायक्रोफायबर पुण्याच्या हवेला मला जास्त बरं वाटतं, पुसलं की झालं. जाळीचा सगळ्यात हलका आणि सगळ्यात आधी फाटणारा, तोही उजव्या नाकाशीच.

पैशांचं म्हणाल तर डेकॅथलॉनच्या इनेसिस ह्या गोल्फच्या ब्रँडपासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही, नवख्या माणसाचं पहिलं वर्ष त्यात आरामात निघतं. तिथे घालून, चालून बघता येतं हा मोठा फायदा. आठवड्यातून दोनदा चालत खेळायला लागलात की मग फुटजॉय, इको, आदिदास, स्केचर्स वगैरे बघा. क्लबच्या प्रो शॉपमध्ये, म्हणजे कोर्सवरच्या दुकानात, किंमत थोडी जास्त पडली तरी तिथला माणूस रोज कोर्स बघतो, त्याला तुमचा कोर्स आणि तुमचे खेळायचे महिने सांगून विचारा. कॅडींना तर नक्की विचारा. रोज अठरा होल चालणारी माणसं ती, कुठला सोल कुठल्या महिन्यात सुटतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं, मला स्पाइक्समधली माती टीने काढायची सवय एका कॅडी दादांनीच लावली.

घेतल्यावर निगा. सगळ्यात मोठा शत्रू गाडीची डिकी. खेळून झालं की बूट काढले, पिशवीत टाकले, डिकीत, आणि पुढच्या रविवारपर्यंत तिथेच, हे सगळेच करतात. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत इतकं तापतं की सोलचा डिंक मऊ पडतो आणि कडेपासून सोल सुटायला लागतो. घरी आणा, सुखतळा बाहेर काढा, आत जुन्या पेपरचे बोळे भरा, तासाभराने ओले झाले की बदला, आणि पंख्याखाली ठेवा. उन्हात नको, हेअर ड्रायर नको, वॉशिंग मशिन तर अजिबात नको. चिखल ओला असताना घासू नका, वाळू द्या, मग जुन्या टूथब्रशने झाडला की चटकन सुटतो. दुसऱ्या दिवशी परत खेळायचं असेल तर दुसरा जोड घाला, आतला घाम वाळायला पूर्ण दिवस लागतो आणि ओल्या बुटात पाय घातला की वासही येतो आणि शिवणही उसवते.

घरापासून कोर्सपर्यंत गोल्फ शूज घालून गाडी चालवू नका, साधी चप्पल घाला. क्लचवर टाच घासून उजवी-डावी वेगवेगळी झिजते आणि पार्किंगच्या काँक्रीटवर सॉफ्ट स्पाइक्स जेवढे झिजतात तेवढे गवतावर महिन्यात झिजत नाहीत. स्पाइक्सचे पाय आखूड झालेले दिसले, बोट फिरवल्यावर टोचेनासे झाले की बदलायचे, आणि सगळे एकदम बदलायचे, दोन नवीन आणि बाकी जुने असं केलं की पाऊल तिरकं पडतं. बसवताना आट्यांना किंचित व्हॅसलीन लावा, पुढच्या वेळी अडकत नाहीत.

सोल कडेने सुटला तर सुरुवातीलाच मोच्याकडे न्या, चांगलं सोल्यूशन लावून रात्रभर दाबून ठेवला की सीझन निघतो. वॉटरप्रूफ बुटाला खालून आरपार शिलाई मारायला मात्र सांगू नका, प्रत्येक टाक्यातून पाणी आत येतं. आमच्या कर्वे रोडजवळच्या मोचीकाकांनी मला स्वतःहून हे सांगून फक्त चिकटवून दिलं होतं, तो जोड अजून चालतोय.

ग्रीनवर पाय घासत चालू नका, हेही बुटाच्याच विषयात येतं. खरवड उठली तर 2019 पासून नियमात बुटाच्या खुणा दुरुस्त करायची मुभा आहे, पुटरने (ग्रीनवर बॉल ढकलायच्या काठीने) थोपटून जागेवर बसवा.

आणि नवीन जोड पहिल्याच दिवशी 18 होलला घालू नका. दोन-तीन संध्याकाळी घरात, मग रेंजवर एक बादली बॉल, मग नऊ होल, तेव्हा बॅगेत जुना जोड आणि चिकटपट्टी ठेवा. टाचेला किंवा करंगळीला गरम वाटायला लागलं त्याच क्षणी थांबून पट्टी लावा, होल संपेपर्यंत वाट बघितली की फोड आलेला असतो. बिल आणि बॉक्स तोवर टाकू नका, आणि नऊ होलनंतरही एकाच जागी दुखत असेल तर तसेच घेऊन दुकानात जा. पण परत घेण्याची अट घेतानाच विचारून बिलावर लिहून घ्या, कारण एकदा गवताला लागलेला बूट बरेच दुकानदार बदलून देत नाहीत.